२० बाय ४०ची रिंग आणि लांबची पुळण

मी ड्रेसाज करते, म्हणजे रिंगमध्ये घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याचा खेळ. अकराव्या वर्षी मांड ठोकली तेव्हापासून माझं जग २० बाय ४० मीटरचं: पांढऱ्या फळ्या, कुठे काय बदलायचं ते सांगणारी कडेची ठरावीक अक्षरं आणि मधे उभे सर. २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघानं सुवर्ण जिंकलं, त्या दिवशी तर रिंग कधीच सोडायची नाही असं ठरवलं. पुढच्याच वर्षी मात्र एन्ड्युरन्सनं, म्हणजे लांब पल्ल्याच्या रपेटीनं, वेड लावलं. दोन्हीकडची माणसं म्हणाली, एक काहीतरी धर. पण घोडी एकच, रेवा, आणि मला दोन्ही हवं होतं.

आमचा तबेला रेवदंड्याजवळ. पुळण ओहोटीला ओली आणि घट्ट असते तेव्हाच तिथे दुडकी धरायची. सुक्या भुसभुशीत वाळूत घोड्याच्या पायाच्या शिरा ओढल्या जातात. ओहोटीचं गणित मला अलिबागच्या एका टांगेवाल्या काकांनी शिकवलं. ते ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत टांगा नेतात. "तिथीची पाऊणपट कर," ते म्हणाले, "भरतीची वेळ निघते." चतुर्थीला ३, अष्टमीला ६. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. म्हणजे सकाळी सहा-सातला मोकळी पुळण हवी तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचेच दिवस धरायचे. इथेच माझं कोडं सुटलं. त्या दिवसांत पुळण, मधल्या दिवसांत रिंग. सरावाचं वेळापत्रक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच लिहिलं. आईला आधी वाटलं, मी उपास धरले.

पहिल्या ४० किलोमीटरला आम्ही बाद झालो. एन्ड्युरन्समध्ये नुसतं पोचून भागत नाही. घोड्याची नाडी ठरलेल्या वेळेत मिनिटाला ६४च्या आत यावी लागते, आणि डॉक्टरांसमोर त्याला हातात धरून दुडकवून दाखवावं लागतं. नाडीची मी तयारी केली होती. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पाणी ओतायचं, लगेच निपटून काढायचं, पुन्हा ओतायचं. शेवटचा टप्पा चालतच आणायचा. नाडी वेळेत आली. दुडकीत मात्र मागचा उजवा पाय आखडत होता. डॉक्टरांनी दोनदा बघितलं आणि मान हलवली. मी रेवाच्या मानेला धरून खूप रडले, कारण चूक माझी होती हे मला तेव्हाच जाणवलं होतं.

दुडकीत घोड्याचे पाय तिरक्या जोडीनं पडतात आणि स्वार एका जोडीवर उठतो, दुसरीवर बसतो. रिंगमध्ये दिशा बदलली की बसायची जोडीही बदलायची, हे अंगवळणी पडलेलं असतं. पुळणीवर दिशा बदलतच नाही. सहा-सात किलोमीटर सरळ, आणि मी सगळा वेळ एकाच जोडीवर बसत होते: डावा पुढचा, उजवा मागचा. त्यात पुळण समुद्राकडे उतरती, म्हणजे घोडी सतत एका कुशीवर.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "रिंगमध्ये अक्षरं असतात. तिथे तुझी अक्षरं कुठे आहेत?"

तीन आठवडे रेवाला विश्रांती दिली. मग पुळणीवर अक्षरं शोधली: सुरूच्या बनाचा शेवट, ओढून ठेवलेल्या होड्या, पऱ्ह्याचं तोंड. प्रत्येक खुणेला जोडी बदलायची. परतीच्या वाटेला उतार आपोआप दुसऱ्या बाजूला येतो, म्हणून जेवढं जायचं तेवढंच त्याच वाटेनं यायचं. ही एवढीशी सवय, पण रेवाची पाठ दोन्ही बाजूंनी सारखी भरायला लागली, खरारा करताना हाताला कळायचं.

रिंगमध्ये जे झालं त्याची मी अपेक्षाच केली नव्हती. फ्री वॉक, म्हणजे सैल लगामानं मोकळं चालणं, ही आमची कायमची दुखरी जागा. लगाम सैल सोडला की रेवा मान वर करून दचकायची, आणि १० पैकी ५ ठरलेले. लाटा, कुत्री, जाळी वाळत घातलेले बांबू यांच्यामधून तासन्‌तास सैल लगामानं चालल्यावर तिनं मान खाली सोडली, पाऊल लांब टाकलं. गेल्या परीक्षेत त्याच चालीला ७ मिळाले.

दुसऱ्या खेपेला ४० किलोमीटर पुरे झाले. डॉक्टरांसमोर रेवा सरळ दुडकली, चारही पाय सारखे. आता ६० करायचे आहेत. पौर्णिमा शुक्रवारी आहे, तोवर रिंग.