तुम्ही विचारलंत म्हणून: मांजरीची पिल्ले शिकारीचा सराव करतात का?

मी प्राण्यांच्या वर्तनाविषयी लिहिते हे कळले की, घरी मांजर असलेले लोक हमखास विचारतात : लोकरीच्या गुंड्यामागे धावणारी पिल्ले शिकारीचा सरावच करतात ना? कार्ल ग्रोस या जर्मन विचारवंताने १८९६ मध्ये खेळाला भावी आयुष्याची तालीम मानले, आणि मलाही हे उत्तर अनेक वर्षे पुरेसे वाटत होते.

परंतु प्राणिवर्तनाचे अभ्यासक टिम कॅरो यांच्या प्रयोगांत, लहानपणी वस्तूंशी खेळलेली मांजरे पुढे शिकारीत इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. आफ्रिकेतील कलहारी वाळवंटातल्या मीरकॅट या मुंगसाच्या कुळातील प्राण्यांमध्येही खूप झोंबाझोंबी करणारी पिल्ले मोठेपणी अधिक लढती जिंकत नाहीत. उंदरांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. खऱ्या भांडणात उंदीर प्रतिस्पर्ध्याच्या पाठीच्या मागील भागाला आणि कुशीला चावतो. खेळताना मात्र त्याचे लक्ष्य मानेचा मागचा भाग असते, आणि तिथे तो फक्त नाक घासतो. लढाईची तालीम म्हणावी, तर लक्ष्यच वेगळे!

तरीही खेळ निरर्थक नसावा, कारण त्याची किंमत मोठी आहे. पेरूच्या किनाऱ्यावर समुद्रसिंहांनी मारलेल्या फर सीलच्या २६ पिल्लांपैकी २२ पिल्ले त्या वेळी उथळ पाण्यात खेळत होती. एवढा धोका पत्करून ही प्रवृत्ती उत्क्रांतीत टिकली, त्याचे कारण मला मेंदूत शोधावेसे वाटते.

जन्मतःच मेंदूचे कॉर्टेक्स, म्हणजे सर्वांत बाहेरचा थर, काढलेले उंदीरही खेळतात, म्हणजे खेळण्याची ओढ त्याखालच्या, उत्क्रांतीच्या दृष्टीने कितीतरी जुन्या भागांतून येते. मात्र समोरचा कोण आहे हे ओळखून वागण्यात असे उंदीर कमी पडतात. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठात सर्जिओ पेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराची काही पिल्ले सवंगड्यांऐवजी प्रौढ मादीसोबत वाढवली. अशा पिल्लाला ऊब आणि सहवास मिळतो, पण प्रौढ मादी फारशी खेळत नसल्यामुळे खेळ जवळजवळ मिळत नाही. कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये चेतापेशींच्या फांद्यांची जी छाटणी खेळणाऱ्या पिल्लांत वाढीच्या वयात होते, ती या पिल्लांत तशी झालीच नाही.