मॉरिशसला जायचं तर गणपतीत जा (आठ दिवसांचा अनुभव)

आम्ही म्हणजे मी, बायको आणि आई. मुंबईहून विमान थेट आहे, सहा-साडेसहा तास, आणि घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. विमानतळ बेटाच्या दक्षिणेला आणि बहुतेक हॉटेलं उत्तरेला ग्रां बे वगैरे भागात, त्यामुळे उतरल्यावर तास-सव्वा तासाचा प्रवास धरूनच चला.

देश केवढा? मुख्य बेट आपल्या गोव्याच्या साधारण निम्मं, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. रस्त्याने जाताना उसाच्या शेतात काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, शेत साफ करताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले. आई म्हणाली हा तर आपल्याकडचाच दगड, आणि खरंच बेसाल्ट आहे, नुसता दिसायला सारखा नाही तर जमिनीखालच्या ज्या तप्त स्रोतातून आपला सह्याद्रीचा कातळ आला त्याच्यातूनच पुढे कोट्यवधी वर्षांनी हे बेट वर आलं.

आधी माणूस वस्तीच नव्हती इथे. 1598 ला डच आले, ऊस आणला, डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला. 1715 पासून फ्रेंच, 1810 ला इंग्रज. 1835 ला गुलामगिरी बंद झाली आणि मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली, जवळजवळ साडेचार लाख माणसं. बहुतेक बिहारकडची भोजपुरी बोलणारी, पण मुंबई बंदरातून कोकणातली पण गेली.

म्हणून माझं पहिलं सांगणं, राजधानी पोर्ट लुईतला आप्रवासी घाट, म्हणजे हे मजूर बोटीतून जिथे उतरायचे ती जागा, चुकवू नका. बीच दिवसभर असतात, घाट मात्र दुपारी लवकर बंद होतो आणि सुट्टीच्या दिवशी उघडतच नाही, त्यामुळे वेळ आधी बघून जा. बंदराजवळ काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत, बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून वर यायचा आणि त्याच्या नावापुढे नंबर लागायचा. आई त्या पायऱ्यांसमोर बराच वेळ उभी राहिली, आम्ही पण काही बोललो नाही. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची कागदपत्रं जपून ठेवलीयेत, वंशज तिथे जाऊन आपल्या आज्या-पणज्याची नोंद शोधतात.

गणपतीची इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आम्ही पश्चिमेकडे कास्कावेल भागातल्या एका देवळात गेलो. आरती शब्दन् शब्द आपलीच, सुखकर्ता दुखहर्ता, फक्त चाल थोडी संथ. नंतर बायाबापड्यांनी फेर धरून झाकरी केली, आपल्याकडची जाखडीच ती! एक मावशी आईचा हात धरून म्हणाल्या "ताई, तुमचा गाव कुठला?" आणि पुढचं वाक्य क्रेओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, मग नातीने समजावून सांगितलं. पाच पिढ्यांनंतर एवढी मराठी टिकवलीय, शाळेत पण शिकवतात, मला फार भरून आलं. देवळात जाताना साधे अंग झाकणारे कपडे घाला आणि फोटो विचारून काढा.

खायला धोल पुरी. पुरणपोळीसारखी मऊ पण गोड नाही, आत वाटाण्याच्या डाळीचं सारण, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी, जोडीने गुंडाळून कागदात देतात. शाकाहारी माणसाचं पोट यावर मस्त भरतं. खाण्यापिण्याच्या बऱ्याच वस्तू बाहेरून येतात म्हणून हॉटेलात जेवण महाग पडतं, बाजारातलं स्वस्त.

पैसा पूर्वी फक्त साखरेचा होता, मग कपड्यांचे कारखाने आले, आता पर्यटन आणि बँकिंग मोठं. 1968 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एवढंसं बेट कसं तगेल अशी शंका होती लोकांना.

फिरायला बस स्वस्त आहेत पण संध्याकाळी लवकर संपतात. आमची शेवटची बस हुकली आणि टॅक्सीला भरपूर पैसे गेले, म्हणून गंगा तलाव (हिंदूंचं पवित्र तळं), शामारेल (रंगीत मातीच्या टेकड्या) असा दक्षिणेचा दिवस असेल तर गाडी ठरवूनच जा, ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून आहे. गंगा तलावाला सप्टेंबरात पण गार वारा सुटतो, आईसाठी शाल न्यायची राहिली होती, तुम्ही विसरू नका. जानेवारी-फेब्रुवारीत वादळांचा सीझन असतो, तेव्हा टाळा.