महिन्याची गोळी आणि मागचे तीस दिवस

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी आमच्या तांबू या कुत्र्याला त्याची हार्टवर्मची, म्हणजे कुत्र्याच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिन्यांत वाढणाऱ्या कृमीवरची, गोळी द्यायची असते. गोळी म्हणजे खरे तर तपकिरी रंगाचा, मांसाच्या वासाचा चौकोनी तुकडा असतो. तांबू तो आनंदाने खातो, पण तो पूर्ण चावून गिळेपर्यंत मी तिथून हलत नाही, कारण अर्धा तुकडा सोफ्याखाली सापडल्याचा अनुभव एकदा घेऊन झाला आहे. ही काळजी मी पहिल्यापासून घेत नव्हते. दोन वर्षांपूर्वी सलग तीन महिने ही गोळी चुकली आणि माझ्या गैरसमजाची किंमत त्या मुक्या जिवाने मोजली, म्हणून हे सगळे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला राहतो. तांबूला येथल्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून घरी आणले तेव्हा त्याची तपासणी झाली होती, तो निरोगी होता आणि पशुवैद्यांनी बारा महिन्यांच्या बारा गोळ्या लिहून दिल्या होत्या. माझे माहेर भंडाऱ्याचे. आमच्याकडे कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचे औषध देत असत, आणि ही गोळीही त्यातलाच एक प्रकार असावा असे मी धरून चालले. हा आजार डासांमुळे होतो हे ऐकले होते, तेव्हा गोळी खाल्ली की पुढचा महिनाभर अंगात एक कवच राहते, अशी माझी समजूत होती. त्यामुळे आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी नोव्हेंबरमध्ये भंडाऱ्याला निघाले, तेव्हा यजमानांना मीच सांगून गेले की आता थंडी आहे, डास नाहीत, गोळीची घाई नको, मी आल्यावर बघू. नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी, अशा तीन गोळ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात तशाच राहिल्या.

मी समजत होते त्याच्या नेमके उलटे या गोळीचे काम आहे. ती पुढच्या महिन्यासाठी नसते, मागच्या महिन्यासाठी असते. हार्टवर्म, म्हणजे शास्त्रीय भाषेत डायरोफिलारिया इमिटिस, हा कृमी एका कुत्र्यातून दुसऱ्या कुत्र्यात थेट जात नाही. बाधित कुत्र्याच्या रक्तातली सूक्ष्म पिल्ले डासाच्या पोटात जातात, तिथे उबदार हवेत साधारण दहा ते चौदा दिवस वाढतात, आणि तो डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की चावल्याच्या जागेतून त्याच्या शरीरात शिरतात. पुढचे काही आठवडे या अळ्या त्वचेखाली आणि स्नायूंमध्ये असतात, कात टाकतात आणि वाढतात. याच काळात त्या औषधाला बळी पडतात. गोळीतले औषध गेल्या तीस दिवसांत शिरलेल्या अळ्या मारून टाकते आणि थोड्याच दिवसांत शरीरातून निघून जाते. अळी पन्नास दिवसांच्या पुढे गेली, तिने पुढची अवस्था गाठली, की या गोळीचा तिच्यावर भरवसा धरता येत नाही. मग ती रक्तवाहिन्यांतून वाट काढत फुप्फुसाच्या धमन्यांपर्यंत पोहोचते आणि सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढते. पूर्ण वाढलेली मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब असते, दिसायला शिजवलेल्या शेवईसारखी, आणि कुत्र्याच्या शरीरात पाच ते सात वर्षे जगते.

आता आमचा हिशेब मांडून पाहावा. शेवटची गोळी 1 ऑक्टोबरला दिली होती. तिने सप्टेंबरमधल्या अळ्या मारल्या. ऑक्टोबरमध्ये जे डास चावले, त्यांचा समाचार 1 नोव्हेंबरच्या गोळीने घ्यायचा होता, आणि ती दिलीच गेली नाही. मी परत आल्यावर 1 फेब्रुवारीला गोळी दिली, तेव्हा जानेवारीतल्या अळ्या तिच्या टप्प्यात होत्या, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरलेल्या अळ्या दोन ते चार महिन्यांच्या होऊन हाताबाहेर गेल्या होत्या. थंडीचे म्हणावे, तर डासाच्या शरीरात या पिल्लांची वाढ साधारण 14 अंश सेल्सियसच्या खाली थांबते हे खरे आहे. मात्र ती थांबते, संपत नाही. ऊब मिळाली की पुन्हा सुरू होते. शिवाय ह्यूस्टनच्या हिवाळ्यात वीस अंशांवरचे दिवस कितीतरी असतात, आणि गॅरेजमधल्या किंवा कुंड्यांखालच्या उबेत डास टिकून राहतात.

फेब्रुवारीत पशुवैद्यांकडे गेले तेव्हा त्यांनी तांबूचे रक्त तपासले. निकाल चांगला आला आणि माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांनी लगेच बजावले की ही तपासणी पूर्ण वाढलेल्या मादीने रक्तात सोडलेले प्रथिन ओळखते, त्यामुळे डास चावल्यानंतर पाच-सहा महिने होईपर्यंत ती काहीच सांगू शकत नाही; आजच्या निकालाचा अर्थ तांबू ऑक्टोबरच्या आधी निरोगी होता एवढाच, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा या. मला तेव्हा तो अतिरेक वाटला होता. तरी गेले. रक्ताचे तीन थेंब एका द्रवात मिसळून छोट्या पांढऱ्या पट्टीवर सोडतात आणि आठ मिनिटे थांबतात. तपासणी नीट चालली आहे हे दाखवणारा एक निळा ठिपका उमटावाच लागतो. त्या दिवशी त्याच्या खाली दुसरा, कृमी असल्याचे सांगणारा ठिपका हळूहळू गडद होत गेला. तांबूला तोवर एकदाही खोकला आला नव्हता, तो धावताना थकत नव्हता, जेवण व्यवस्थित होते. लक्षणे दिसण्याची वाट पाहत बसले असते, तर छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या धमन्या जाड झालेल्या पाहायची वेळ आली असती.

उपचार लांबलचक होता. आधी चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, कारण या कृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते मारल्याने कृमी दुबळा होतो. मग साठाव्या दिवशी पूर्ण वाढलेले कृमी मारणाऱ्या मेलार्सोमिनचे पहिले इंजेक्शन, नव्वदाव्या आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी आणखी दोन. या औषधात आर्सेनिक असते. ते कंबरेजवळच्या पाठीच्या स्नायूत खोलवर देतात, आणि दुसऱ्या दिवशी तांबू पाठीला हातही लावू देत नव्हता. पण इंजेक्शनपेक्षा त्याला आणि आम्हाला जड गेली ती विश्रांती. मेलेले कृमी शरीराबाहेर पडत नाहीत. त्यांचे तुकडे होऊन फुप्फुसाच्या लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि शरीर ते आठवड्या-आठवड्यांनी विरघळवते. या काळात कुत्रा धावला, उड्या मारू लागला, हृदयाची गती वाढली, तर तुकडे एकदम पुढे सरकून जीवघेणा अडथळा होऊ शकतो. म्हणून जवळपास पाच महिने तांबूला जिना बंद, बाग बंद, फक्त नैसर्गिक विधीपुरते पट्टा लावून पाच मिनिटे बाहेर. बेल वाजली की तो दाराकडे झेपावतो, म्हणून दारावर बेल वाजवू नये अशी चिठ्ठी लावली होती. मुलगी शाळेतून आली की पिंजऱ्याच्या जाळीतून तो फक्त शेपटी हलवायचा. ते पाहताना मला कपाटातल्या त्या तीन गोळ्या आठवत.

आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘काहून गं, कुत्र्यालेही हत्तीरोग होते का?’ तिचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागला होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर हा हत्तीरोगाचा पट्टा. माझ्या आजीचा उजवा पाय मी कधी सडपातळ पाहिलाच नाही. हत्तीरोगाचा कृमी आणि कुत्र्याचा हा कृमी एकाच भावकीतले आहेत, आणि तिकडे हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास इकडे हार्टवर्मही पसरवतो. हिवताप कार्यालयाची माणसे रात्री घरोघर येऊन बोटातून रक्त घेत, कारण हत्तीरोगाची पिल्ले रात्रीच रक्तात उतरतात. आशाताई समोर उभे राहून हत्तीरोगावरच्या ज्या डीईसीच्या गोळ्या खायला लावतात, तेच औषध मासिक गोळी निघण्यापूर्वी अमेरिकेत कुत्र्यांना डासांच्या हंगामात रोज द्यावे लागे. जपानमधल्या मातीत शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा यांना सापडलेल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन हे कृमींवरचे औषध तयार झाले, 1987 मध्ये त्याची महिन्याची गोळी येथे मान्य झाली आणि रोजची कटकट मिटली. ओमुरा आणि हे औषध विकसित करणारे विल्यम कॅम्पबेल यांना त्याबद्दल 2015 चे नोबेल मिळाले.

याच आयव्हरमेक्टिनबद्दल एक गोष्ट तळमळीने सांगते. गुराढोरांसाठी मिळणारे एक टक्क्याचे इंजेक्शन गोचिडांवर किंवा जंतांवर उपाय म्हणून लोक कुत्र्याला अंदाजाने देतात. हार्टवर्मसाठी लागणारी मात्रा किलोमागे सहा मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला साठ. गुरांच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये दहा हजार मायक्रोग्रॅम असतात. कोली आणि तत्सम जातींच्या अनेक कुत्र्यांमध्ये असा जनुकीय दोष असतो की मोठ्या मात्रेत हे औषध मेंदूत शिरते आणि कुत्रा दगावू शकतो. योग्य मात्रेतली मासिक गोळी मात्र त्यांनाही चालते.

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीचे म्हणणे होते की हा दक्षिणेचा आजार आहे. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात आणि आमच्या टेक्सासमध्ये तो सर्वांत जास्त आहे हे खरे, पण तो पन्नासही राज्यांत आढळला आहे. आणि डास घरातही येतात, त्यामुळे घराबाहेर न पडणारा कुत्राही सुरक्षित नसतो. भारतात आसाम आणि ईशान्येकडे हार्टवर्मच्या नोंदी आहेत, तर केरळात याच कुळातला, त्वचेखाली राहणारा रेपेन्स हा कृमी माणसाच्या डोळ्यातूनही काढावा लागला आहे. महाराष्ट्रात कुत्रा पाळणाऱ्यांनी आपल्या भागात काय आढळते हे पशुवैद्यांना एकदा विचारून घ्यावे.

गोळी चुकलीच, तर आठवताक्षणी द्यावी, पशुवैद्यांना खरे सांगावे आणि सहा महिन्यांनी तपासणी करावी. कुत्र्याचे वजन वाढले असेल तर गोळी त्या वजनाची घ्यावी. अनेक महिन्यांचा खाडा पडला असेल तर मात्र तपासल्याशिवाय परस्पर गोळी सुरू करू नये, कारण रक्तात पिल्ले भरपूर असतील आणि ती एकदम मेली तर कुत्र्याला झटका बसू शकतो.

शेवटच्या इंजेक्शननंतर नऊ महिन्यांनी, या ऑगस्टमध्ये, तांबूची पुन्हा तपासणी झाली. आठ मिनिटे संपल्यावर पशुवैद्यांनी पट्टी माझ्याकडे वळवली, तेव्हा तिच्यावर एकच ठिपका होता. येत्या नोव्हेंबरात मी परत भंडाऱ्याला जाणार आहे. तीन गोळ्या तीन पाकिटांत घालून त्यांवर तारखा लिहिल्या आहेत, आणि एक तारखेला तांबू गोळी गिळताना दिसेल असे चित्रण मुलीने मला पाठवायचे, असे आमचे ठरले आहे.