मानसशास्त्रच का? तुम्ही विचारलंत म्हणून

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न येतोच: मॅडम, तुम्ही मानसशास्त्राकडे कशा वळलात? प्रवेशाच्या वेळी पालकही विचारतात, जरा आवाज खाली आणून. घरात कुणाला तरी मनाचा आजार असणार, असं त्यांनी आधीच धरलेलं असतं. आमच्या घरात तसं काही नव्हतं. माझ्या वडिलांचं काम गेलं होतं, आणि त्या काळात लालबाग-परळमध्ये जवळजवळ प्रत्येक घरात तेच झालं होतं.

बाबा कापडगिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या विभागात. पहिली पाळी असली की पहाटे उठायचे. दाढी, आंघोळ, चहा, डबा, आणि भोंगा व्हायच्या आत गेटवर. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले दिवस जोशाचे होते. सभा, मोर्चे, रात्री उशिरापर्यंत चाळीच्या गॅलरीत चर्चा. मग शेजारची बिऱ्हाडं एकेक करून गावी जायला लागली. आम्ही राहिलो, कारण आईने दादरच्या काही घरांना चपात्या लाटून द्यायचं काम धरलं होतं.

बाबांचं दाढीचं सामान मला अजून दिसतं. खिडकीत पितळेची वाटी, ब्रश, खिळ्याला टांगलेला आरसा. संपाच्या सुरुवातीला ते अंधारातच दाढी करत. पुढे आरशावर ऊन यायला लागल्यावर. मग जेवणं झाल्यावर. मग दिवसाआड. संध्याकाळी आई विचारायची, "आज काय केलंत?" ते खरोखर आठवून बघायचे आणि त्यांना सांगता यायचं नाही. आईचा दिवस मात्र पूर्वीइतकाच गच्च भरलेला होता, उलट जास्तच.

नातेवाईक म्हणत, हिंमत सोडली त्याने. कुणी म्हणे, आळस अंगात मुरला. मला दोन्ही पटायचं नाही. अंगावर कापसाची धूळ घेऊन वर्षानुवर्षं पाळ्या केलेला माणूस एका वर्षात आळशी कसा होईल? उत्तर कुणाकडे नव्हतं, आणि प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबांना गिरणीने परत घेतलं नाही. पुढे ते एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले.

शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. कॉलेजात सगळं इंग्रजीत, तो त्रास ज्यांनी काढला त्यांना वेगळा सांगायला नको. मानसशास्त्र विषय घेतला तो नावावरूनच. पण आरशात बघून चांदणी गिरवण्याचं प्रॅक्टिकल केलं, जोडीदारीण स्टॉपवॉच धरून बसली होती, आणि हात डोळ्यांचं ऐकेनासा झाला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मनाबद्दल नुसतं बोलायचं नसतं, ते मोजूनही बघता येतं.

खरं उत्तर मिळालं ते कलिन्याला, मुंबई विद्यापीठात एम.ए. करताना. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे, तेही कापडगिरणीवर जगणारं. १९२९-३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनी त्या गावाचा अभ्यास केला. तो १९३३ मध्ये पुस्तकरूपात आला. वेळ मोकळा मिळाला की माणसं जास्त वाचतील असं आपल्याला वाटतं. तिथे वाचनालयातून जाणारी पुस्तकं जवळजवळ निम्म्यावर आली. खिडकीत घड्याळ घेऊन बसून त्यांनी रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली: पुरुष बायकांपेक्षा हळू चालत आणि मध्येच पुन्हा पुन्हा थांबत. दिवसाचा तक्ता भरायला दिला तर पुरुषांना उठणं, जेवणं आणि झोपणं एवढंच धड सांगता येई. बायकांचं तसं नव्हतं. त्यांचा पगार गेला होता, काम गेलं नव्हतं.

हे मी लायब्ररीत कपाटापाशी उभ्या उभ्याच वाचलं. ऑस्ट्रियातल्या त्या गावात माझे आईबाबा होते. बाबांमध्ये खोट नव्हती. भोंगा गेला तसा त्यांच्या दिवसाचा सांगाडाच गेला होता, आणि माणसाने तो एकट्याने, खोलीत बसून पुन्हा उभारावा अशी आपली अपेक्षा होती. याहोडाबाईंना पुढे राजकीय कामासाठी तुरुंगवास झाला, १९३७ मध्ये देश सोडून इंग्लंड गाठावं लागलं. नोकरी पगाराखेरीज काय देते हे त्यांनी नंतर नीट मांडलं: दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांची संगत, सगळ्यांनी मिळून करायचं काहीतरी, समाजात ओळख, आणि नियमाने हातपाय हलवणं. बाबांची ही पाचही एकदम गेली होती. मी प्राध्यापक झाले ती हे शिकवता यावं म्हणून. आधी बरीच वर्षं तासिका तत्त्वावर, मग कायम.

आमच्या विषयात एक घाई आहे आणि ती मला खटकते. माणूस खचलेला दिसला की लगेच त्याच्या विचारांत दोष शोधायचा, सकारात्मक राहा म्हणायचं. समुपदेशनाचं मोल मी जाणते, औषधांचंही. मुलांना स्पष्ट सांगते की चिकित्सा करायची तर एम.ए.वर थांबून चालत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. पण समोरचा माणूस सकाळी कशासाठी उठतो, हे विचारल्याशिवाय त्याच्या मनाबद्दल बोलू नये, यावर मी ठाम आहे.

म्हणून पहिल्याच सत्रात मी मुलांना घरातल्या एका मोठ्या माणसाच्या दिवसाचा तक्ता करून आणायला सांगते, तासातासाचा, त्या माणसाला विचारून. यंदा एका मुलीने पोलीस भरतीची वाट बघत बसलेल्या भावाचा आणला. दुपारची चार घरं कोरी होती. ती म्हणाली, मॅडम, हे विचारताना तो पहिल्यांदाच माझ्याशी तासभर बोलला.