माळवदाची तुळई

मंगळवार, औसा

उदगीरकडच्या पाडलेल्या वाड्यातली तुळई आज सॉ मिलवर चिरून आणली. वरून चुलीच्या धुरानं काळीठिक्कर, आतून मात्र सागवान लख्ख निघालं. सकाळ सगळी खिळे शोधण्यात गेली. चुंबक फिरवायचं, शंका आली की पटाशीनं टोकरायचं. जुने घडीव खिळे गंजून लाकडात असे मुरतात की दिसत नाहीत, आणि आऱ्याला एक लागला तरी पातं जातं.

अण्णांनी आजही जेवताना विचारलं, "पगाराची नोकरी सोडून सुतारकी करायलास, मन रमतंय का?" त्यांची काळजी मला कळते. दुष्काळाची वर्षं काढून त्यांनी मला डिप्लोमा करवला, तो मी इथून बाहेर पडावं म्हणून. मी रमतंय म्हणालो. ते खरंच आहे.

वाळूजच्या कंपनीत मी क्वालिटीला होतो. शाफ्टचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं हुकलं तरी नग बाजूला. हजारावा नग पहिल्यासारखाच निघाला पाहिजे. ते काम मी मनापासून केलं, त्याला नावं ठेवणार नाही. पण तो शाफ्ट कुणाच्या गाडीत गेला हे कधीच कळलं नाही, आणि तेच मला आत खात राहिलं. इथे टेबल कुणाच्या घरात जाणार, त्यावर कोण जेवणार, हे पहिला रंधा मारायच्या आधीच मला ठाऊक असतं.

मिस्त्रीकाकांनी सगळ्यात आधी शिकवलं ते हे, की लाकूड हलतं. "आवळून बसवलास की पावसाळ्यात फुगंल, उन्हाळ्यात फाटंल." टेबलाचा तीन फूट रुंदीचा वरचा पाट आपल्याकडच्या वैशाखातून श्रावणात जाईपर्यंत पाच-सहा मिलिमीटर सहज वाढतो. म्हणून खालच्या चौकटीत स्क्रूची भोकं लांबट ठेवायची, पाटाला सरकायला जागा द्यायची. शंभरावा भाग मोजणाऱ्या माझ्या हाताला हे पटायला वेळ लागला.

लोक 'रस्टिक' पाहिजे म्हणून येतात. नवं लाकूड जाळून, साखळीनं बडवून खड्डे पाडायचे आणि वर काळपट पॉलिश मारायचं, हे मी करत नाही. लाकडावर जे खरोखर घडलं तेवढंच दिसावं. हात टेकतो तिथे रंधा मारून घासून गुळगुळीत करतो, कडेला वाकसाचे जुने घाव तसेच राहू देतो. वरून उकळलेलं जवसाचं तेल, पातळ हातानं, दोन-तीनदा. आपण चटणीला घेतो तोच जवस. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकायची नाहीत, आपोआप पेट घेतात. मी ती तारेवर पसरून वाळवतो.

आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदावरचा, म्हणजे तुळयांवर माती घालून केलेल्या सपाट छपरावरचा, विश्वासच उडाला. जाड दगडी भिंती आणि वरचा मातीचा भार माणसांच्या अंगावर आला. खांब-तुळयांचा सांगाडा मात्र काही घरांत उभा राहिलेला लोकांनी पाहिला. तरीही पुढच्या वर्षांत माळवदं उतरत गेली आणि कितीतरी सागवान सरपणाला गेलं. कुणाच्या परसात अजून असा खांब पडलेला दिसला की मी थांबून विचारतोच. तीन पिढ्यांनी ज्याच्या खाली संसार केला ते लाकूड चुलीत जावं, हे मला बघवत नाही.

ज्यांच्या वाड्यातल्या या तुळईचं टेबल करतोय, त्या ताई आता पुण्यात असतात. खालच्या फळीला पाळण्याच्या कडीचं भोक आहे, ते बुजवू का, असं मी परवा विचारलं होतं. मघाशी त्यांचा फोन आला. त्यांच्या आईंनी सांगितलंय, बुजवू नका, आणि कडेला नको, मधोमध येऊ द्या. म्हणजे फळ्यांचा क्रम बदलावा लागणार. पाचही फळ्या उद्या परत मांडून बघतो, रेषा कुठे जुळतात ते.