नुसती गोळी, की गोळीसोबत सलाईनही?

मायचा खोकला दिवाळीपासूनचा. तालुक्याला टीबी समजून औषधं सुरू झाली, त्यात दोन महिने गेले. ते आठवलं की अजून जीव जळतो. शेवटी संभाजीनगरला सीटी स्कॅन, बायोप्सी. फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. तंबाखूला कधी शिवली नाही ती. चुलीचा धूर मात्र जन्मभर खाल्ला.

डॉक्टर म्हणाले, ईजीएफआरचा, म्हणजे गाठीतल्या एका जनुकातल्या बदलाचा, रिपोर्ट येऊ द्या. बारा दिवसांनी 'पॉझिटिव्ह' आला आणि मी भावाला रडतच फोन केला. हा पॉझिटिव्ह बरा, म्हणजे गोळी चालते, हे मला नंतर कळलं.

मग खरा पेच. रोज जेफिटिनिबची २५० मिलिग्रॅमची एक गोळी, की तिच्यासोबत दर २१ दिवसांनी केमोची, म्हणजे पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन या दोन औषधांची, सलाईनही? डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे आकडे लिहून दाखवले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ३५० रुग्णांवर अभ्यास झाला होता. नुसत्या गोळीवर निम्म्या रुग्णांचा आजार ८ महिन्यांच्या आत परत वाढला, दोन्ही दिल्यावर तेच १६ महिने. पण गंभीर त्रास गोळीवर शंभरात २५ जणांना, दोन्हींवर ५१ जणांना. ऑसिमर्टिनिब नावाची नवी गोळीही त्यांनी सांगितली. किंमत ऐकून आम्ही गप्प.

मी ८ आणि १६ मध्येच अडकलो होतो. मायनं एवढंच विचारलं, "सलाईन लावल्यावर त्याच दिवशी घरी येता येतं का?"

"बहुतेक वेळा येतं."

"मंग लावा. मपल्या अंगात हाय अजून ताकद."

तिची किडनी चांगली होती, ती स्वतःच्या पायानं चालत होती, म्हणून डॉक्टरही तयार झाले. आधी बी-१२चं इंजेक्शन, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, मग आठवड्यानं पहिली सलाईन. दोन सोपी गेली. तिसरीनंतर रक्त एकदम उतरलं, चार दिवस ॲडमिट, रक्ताच्या दोन पिशव्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर भाऊ म्हणाला, "नुसती गोळी पुरी नव्हती का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. चौथी सलाईन आठ दिवस पुढं ढकलून, डोस कमी करून दिली.

त्यानंतरच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्यावर आली होती. आता कार्बोप्लॅटिन बंद. गोळी आणि पेमेट्रेक्सेड चालू. गोळीनं तोंडावर पुरळ उठतं, त्याला ती "म्हातारपणी मुरमं" म्हणते.

सातवी सलाईन सोमवारी आहे. तिला तारीख बदलून पाहिजे, कारण त्या दिवशी कापूस वेचायला बाया सांगितल्यात.