खुणेचा बाण

गाडी आमच्या वर्कशॉपात आली तेव्हा मालकांच्या हातात बिलांची जाडजूड फाइल होती. तीन वेळा व्हील बॅलन्सिंग, चार नवे टायर, मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर. गाडी 1970 ची एमजीबी रोडस्टर, मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. "60 मैलांच्या वेगाला सीटखालून थरथर सुरू होते," ते म्हणाले. "बायको आता सोबत येत नाही. तिला भीती वाटते."

मी ऑक्सफर्डशायरमध्ये जुन्या ब्रिटिश गाड्यांवर काम करतो. एमजीबी याच मुलखातली. ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं ती बनत होती, त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या माणसांचा तिच्यावर जीव असतो. तिच्या बाबतीत घाईने निकाल देणं मला पटत नाही.

तरी पहिला संशय माझाही चाकांवरच गेला. तारांची चाकं, प्रत्येकाला 60 स्पोक. ही चाकं साध्या बॅलन्सिंग मशिनवर नेहमीच्या शंकूने पकडली तर नीट मध्यावर बसत नाहीत. त्यांना आतल्या उतारावर बसणारा वेगळा कॉलेट, म्हणजे पकड, लागतो. तो नसेल तर मशीन शून्य दाखवतं आणि चाक रस्त्यावर थडथडतं. मी डायल गेज लावून चारही चाकं हाताने फिरवली. मागच्या डाव्या रिमला एक मिलिमीटरची लचक होती. दोष सापडला असं वाटण्याजोगीच गोष्ट होती ती. पण मालक तिथे उभे राहून शांतपणे म्हणाले, "चाकांची थरथर मला ठाऊक आहे. ती हाताला लागते. ही पाठीला लागते." चाळीस वर्षं एकच गाडी चालवणाऱ्या माणसाचं हे वाक्य कुठल्याही गेजइतकंच मोलाचं होतं.

मग आम्ही दोघं ए-34 वर निघालो. चौथ्या गिअरमध्ये 60 मैल, टॅकोमीटरवर 3,300 च्या जरा वर. थरथर हजर. वेग तोच ठेवून मी ओव्हरड्राइव्ह टाकला, म्हणजे इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर. इंजिन साधारण 2,750 वर उतरलं, थरथर मात्र तसूभर हलली नाही. म्हणजे इंजिन सुटलं. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला घेतला, गाडी नुसती वाहत राहिली, तरी तेच. आता गिअरबॉक्सच्या मागचं जे काही फिरतं तेवढंच उरलं: प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा लांब दांडा), डिफरन्शियल (त्या दांड्याचं फिरणं चाकांकडे वळवणारे दाते), ॲक्सल, चाकं.

यापुढे कानावर किंवा पाठीवर विसंबून चालत नाही, मोजावं लागतं. 60 मैलांना या गाडीचं चाक सेकंदाला 14 पेक्षा जरा जास्त वेळा फिरतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर 3.9, म्हणून शाफ्ट सेकंदाला साधारण 56 वेळा फिरतो. चाक दोषी असेल तर 14 चा ठोका दिसला पाहिजे, शाफ्टचं वजन एका बाजूला असेल तर 56 चा. सीटच्या पट्टीवर थरथर मोजणारा सेन्सर लावून आम्ही पुन्हा तोच रस्ता धरला. पडद्यावर 14 ला बारीकशी रेघ होती, 56 ला जवळपास काहीच नव्हतं आणि 112 ला मात्र उंच, टोकदार सुळका.

56 ची दुप्पट. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन झटके.

ते पाहिलं आणि मला कोल्हापूरचं उद्यमनगर आठवलं. तिथल्या गॅरेजात मी जीपचे शाफ्ट सोडायला शिकलो. आमचे वस्ताद खूण केल्याशिवाय पान्याला हात लावू देत नसत. "आधी पंच मार, मग बोल्ट सोड," म्हणायचे. कारण असं: शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकू शकणारे क्रॉस जॉइंट असतात. असा जॉइंट कोनात फिरला की त्याच्या पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा अडखळतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तेवढंच उलट करून ते मोडून काढतो. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींसारखं: एकीची ओढ संपते तिथे दुसरीची सुरू झाली तरच जातं एकसारखं फिरतं. त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुशाखी काटे, एका रेषेत हवेत. ते चुकले की एकमेकांना सावरायचं सोडून दोन्ही जॉइंट मिळून गाडी हलवतात.

मी मालकांना विचारलं, "शाफ्ट कधी सोडला होता का?"

त्यांनी फाइल चाळली. टायर बदलले त्याच आठवड्यात एका गॅरेजने दोन्ही क्रॉस नवे घातले होते. दोन कामं एकाच वेळी झाली आणि सगळ्यांनी टायरला धरलं.

गाडी लिफ्टवर घेतली. क्रॉस नवे होते, त्यांत काही खोट नव्हती. गिअरबॉक्सच्या बाजूला शाफ्ट एका स्प्लाइनमध्ये, म्हणजे दातेरी खाचांत, पुढेमागे सरकतो. त्यावरचं जुनं ग्रीस मी चिंधीने पुसलं, तर खाली बाण दिसला. त्याच्या जोडीचा दुसरा बाण समोर असायला हवा होता. तो दोन-तीन दाते बाजूला होता. दोन्ही टोकांकडे एका नजरेत पाहिलं तर योकचा तिरपेपणा डोळ्यांना कळत होता. मी मालकांना खाली बोलावून ते दाखवलं. ते बराच वेळ बॅटरी धरून पाहत राहिले.

दोन्ही फ्लँजचे चार-चार बोल्ट सोडले, स्प्लाइन ओढून काढली, बाण बाणासमोर आणून परत बसवली आणि ताजं ग्रीस भरलं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. एकही नवा भाग लागला नाही. बाणांवर मी पांढऱ्या रंगाची जाड रेघ ओढली, पुढच्या माणसाला ग्रीसमधूनही दिसेल अशी.

संध्याकाळी परत ए-34. या खेपेला गाडी मालकांनी चालवली. 60, मग 65, मग 70. त्यांनी एक हात सीटच्या कडेवर ठेवला होता आणि तो तिथून उचलतच नव्हते. पडद्यावरचा 112 चा सुळका बसला होता. 14 ची बारीक रेघ मात्र तशीच होती, त्या मागच्या डाव्या रिमची. मी ती त्यांना दाखवली. स्पोक ताणून रिम सरळ करण्यासाठी मंगळवारची वेळ ठरली. "मंगळवारी आम्ही दोघं येऊ," ते म्हणाले.